सल्ला हवा : शास्त्रज्ञाचं रोजचं काम दिसेल असा चित्रपट

खारपाण · १२ जानेवारी

नमस्कार. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेत एखाद्या शास्त्रज्ञाच्या जीवनावरचा चित्रपट दाखवायचं ठरवलं आहे. कोणता दाखवावा यावर तुमचा सल्ला हवा. मागणी जरा वेगळी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या 'ओपनहायमर' या चित्रपटापासून झाली. २०२३ च्या जुलैत, पेरण्या आटोपल्यावर, आम्ही दोघं शिक्षक खास नागपूरला जाऊन तो पाहून आलो. तीन तासांचा चित्रपट, सगळा बोलण्यानं भरलेला, आणि ती इंग्रजी आमच्या कानाला जड. तरी जागचे हललो नाही. त्यात १६ जुलै १९४५ च्या पहाटेचा प्रसंग आहे, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली पहिली अणुचाचणी. आधी पडदाभर उजेड होतो. आवाज नाही. ओपनहायमरचा श्वास तेवढा ऐकू येतो. अख्खं थिएटर चूप. माझ्या शेजारच्या माणसाचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात होता तो तसाच राहिला. मग कितीतरी वेळानं धडाका आला आणि पायाखालची फरशी हादरली.

बाहेर आल्यावर सोबतचे सर म्हणाले, "आपण पोरांना वीज आणि गडगडाट शिकवतो, ते हेच ना?" हेच. ओपनहायमर ज्या ठिकाणी उभा होता ते स्फोटापासून १०,००० यार्डांवर, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर दूर होतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे उजेड दिसल्यावर आवाज पोचायला जवळजवळ अर्धा मिनिट लागणार. दिग्दर्शकानं ती शांतता आणखी लांबवली आहे, पण उगाच घातलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात आठवीच्या पोरांना शाळेच्या व्हरांड्यात बसवून मी वीज चमकली की आकडे मोजायला लावले. तीन आकडे झाले की एक किलोमीटर. आमच्याकडं वावरात वीज पडून माणसं आणि बैल दगावतात, त्यामुळं हा हिशेब पोरांनी घरी जाऊन आईबापाला सांगितला. त्या दिवशी मला वाटलं की चित्रपटाचे पैसे वसूल झाले.

आता खरी अडचण. मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी ओपनहायमरची सगळी गोष्ट सांगितली. बॉम्ब, हिरोशिमा, मग १९५४ ची ती चौकशी, त्याचा सरकारी गुप्त कामाचा परवाना काढून घेणं, सगळं. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. संपल्यावर दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण ते रोज सकाळी उठून करत काय होते?"

मी म्हटलं, गणितं करत होते, माणसं जमवत होते, बैठका घेत होते. तिला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. घरी येऊन तोच प्रश्न मनात धरून चित्रपट पुन्हा पाहिला. त्याचा अपमान कसा झाला, त्याचं कोणाशी वाकडं होतं, कोणावर प्रेम होतं, हे मला आता तोंडपाठ आहे. पण त्याचं काम मात्र एसटीच्या खिडकीतून पळणाऱ्या झाडांसारखं मागं मागं जातं. चित्रपट मोठा आहे यात शंका नाही. पण माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरी आतापर्यंत कोणी प्रयोगशाळा पाहिलेली नाही. शास्त्रज्ञ म्हणजे फोटोतला विस्कटलेल्या केसांचा माणूस, एवढंच त्यांना माहीत. तो माणूस हातानं, डोळ्यांनी काय करतो, कुठं चुकतो, चुकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा काय करतो, हे पडद्यावर दिसलं पाहिजे.

परिस्थिती अशी : ६२ पोरं, अर्ध्याहून जास्त मुली. प्रोजेक्टर आहे. दुपारी वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर जेमतेम दीड तास निघतो. मराठी किंवा हिंदी असेल तर उत्तम, नाहीतर मी थांबवून सांगेन. मारझोड, नको ती दृश्यं नसावीत. 'ओपनहायमर' त्या कारणानंही बाद आहे.

---

तूरदाणा · १२ जानेवारी

सर, पहिलं नाव 'रॉकेट्री : द नंबी इफेक्ट'. २०२२ चा, हिंदीत आहे, आर. माधवननं काढला आणि कामही त्यानंच केलं. मी मूळचा दिग्रसचा, सध्या पुण्यात एका कारखान्यात डिझाइनला आहे. पहिल्या अर्ध्या भागात तुम्हाला हवं ते आहे. इस्रोतले शास्त्रज्ञ नंबी नारायणन आणि त्यांची माणसं फ्रान्सला जातात, तिथल्या लोकांसोबत द्रव इंधनाच्या इंजिनावर काम करतात, शिकतात, परत येऊन आपलं 'विकास' इंजिन उभं करतात. चाचणीच्या वेळी सगळ्यांचे डोळे घड्याळावर असतात तो प्रसंग पोरांना नक्की आवडेल.

पोरांना चांद्रयान-३ माहीत असेलच, २३ ऑगस्ट २०२३ ला सगळ्या शाळांनी पाहिलं. त्याला वर नेणाऱ्या रॉकेटच्या मधल्या भागात दोन विकास इंजिनं होती. हे आधी सांगून मग चित्रपट लावा, त्यांचं बघणंच बदलून जाईल.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. दुसऱ्या भागात हेरगिरीच्या आरोपावरून त्यांना झालेली १९९४ ची अटक आणि पोलिसांची मारहाण आहे, ती बघवत नाही. आणि चित्रपट आला तेव्हा इस्रोतल्या काही जुन्या सहकाऱ्यांनी त्यातले दावे खरे नाहीत म्हणून जाहीर आक्षेप घेतला होता. आरोप खोटे होते हे सीबीआयनं १९९६ मध्ये सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यांना ५० लाखांची भरपाई दिली, हे पक्कं आहे. पण कोणत्या कामाचं श्रेय कोणाचं, यावर चित्रपटाच्या शब्दावर विसंबू नका.

---

खारपाण · १३ जानेवारी

धन्यवाद. हा डोक्यात होताच. पण अडीच तासांच्या वर आहे. अटकेच्या आधी थांबवला तर चालेल का, याचा विचार करतोय.

---

वर्धाकाठ · १३ जानेवारी

सर, थांबवू नका. अर्ध्यावर थांबवलेली गोष्ट पोरं आयुष्यभर अर्धीच लक्षात ठेवतात. दाखवायचा तर पूर्ण, नाहीतर दुसरा शोधा.

आणि 'ओपनहायमर'बद्दल तुम्ही थोडा अन्याय करताय असं मला वाटतं. मी वरोऱ्याकडचा, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्या चित्रपटात काम दिसत नाही असं नाही. काचेच्या भांड्यात एकेक गोटी पडते ते आठवा. युरेनियम आणि प्लुटोनियम किती जमलं हे त्या गोट्यांवरून कळतं. दोन-अडीच वर्षं हजारो माणसं राबली ती त्या भांड्यात पडणाऱ्या गोट्यांसाठी. ट्रिनिटीच्या, म्हणजे त्या पहिल्या चाचणीच्या, बॉम्बमध्ये प्लुटोनियम होतं ते अवघं सहा किलोच्या आसपास. तुमच्या मुलीला सांगा : रोज सकाळी उठून ते उद्या आणखी एक गोटी कशी पडेल हे बघत होते.

दुसरं, त्या चाचणीच्या वेळी एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञानं काय केलं ते पोरांना करून दाखवा. स्फोट झाल्यावर त्यानं हातातले कागदाचे कपटे वरून खाली सोडले. धक्क्याची लाट आली तेव्हा ते किती दूर उडाले हे मोजलं आणि तिथल्या तिथं ताकद किती असेल याचा हिशेब मांडला. त्याचा आकडा आला सुमारे दहा हजार टन टीएनटीएवढा. पुढं नीट मोजमाप केलं तेव्हा खरा आकडा त्याच्या दुपटीहून थोडा वर निघाला. पण कागदाच्या कपट्यांवर! काम म्हणजे हे असतं, सर. कपटे खिशात घालून जाणं.

या चित्रपटाबद्दल माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. त्या वाळवंटाच्या आसपास खेडी होती, शेतकरी होते, त्यांच्या अंगावर, पाण्यावर, गुरांवर ती राख पडली. चित्रपटात ते कुठंच नाहीत. आपण खेड्यात राहणारी माणसं. आपल्याला ते दिसायला पाहिजे होतं.

---

खारपाण · १३ जानेवारी

सर, गोट्यांचं तुम्ही म्हणाला आणि मी उठून तो भाग पुन्हा लावला. खरंच आहे. मी दोनदा पाहूनही माझं लक्ष माणसांच्या चेहऱ्यांवरच होतं. कपट्यांचा प्रयोग या आठवड्यात करतो. आमच्याकडं पोरं गोट्यांना कंचे म्हणतात, ते तर खिशात असतातच.

---

काटेपूर्णा · १४ जानेवारी

सर, मुली अर्ध्याहून जास्त आहेत म्हणता, मग 'हिडन फिगर्स' बघा. २०१६ चा आहे. मी वाशीम जिल्ह्यात शिकवते. गेल्या वर्षी दहावीच्या मुलींना दाखवला, त्याबद्दल जरा लांबून सांगते.

अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात गणितं करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांची ही गोष्ट. कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन, मेरी जॅक्सन. तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारी बाई. हे सांगितलं तेव्हाच माझ्या वर्गात कुजबुज सुरू झाली. कॅथरीन शिडीवर चढून भल्यामोठ्या फळ्यावर गणित करते, अडते, मग जुनी ऑयलरची रीत आठवते आणि कोडं सुटतं. तुम्ही म्हणता ते काम हेच. शेवटी जॉन ग्लेन अवकाशात जायच्या आधी म्हणतो, त्या मुलीला आकडे तपासू द्या. हे खरंच घडलं होतं, २० फेब्रुवारी १९६२ च्या उड्डाणाआधी. यंत्राचे आकडे तिनं हातानं तपासले.

पण माझ्या मुलींना जे लागलं ते वेगळंच. कॅथरीनला तिच्या इमारतीत संडास वापरता येत नाही. ती फायली छातीशी धरून, उंच टाचांच्या चपला घालून, पावसात अर्धा मैल पळत दुसऱ्या इमारतीत जाते. हा प्रसंग सुरू झाला आणि खोलीत एक शब्द नाही. मागच्या रांगेतली एक मुलगी खाली मान घालून रडत होती. आमच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली मागायला पुरुष शिक्षकांच्या खोलीत जावं लागायचं. मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. आम्हा शिक्षकांनाच ते नीट ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून किल्ली मुलींच्या वर्गात खिळ्याला असते.

एक खुलासा. खऱ्या आयुष्यात हा त्रास मेरी जॅक्सनला जास्त झाला. कॅथरीन सरळ जवळचाच संडास वापरायची. चित्रपटानं दोघींचं एकत्र केलं आहे. मी हे मुलींना नंतर सांगितलं. एकीनं विचारलं, "मग कॅथरीनला कोणी काही म्हटलं नाही का?" मी म्हटलं, ती विचारायलाच गेली नाही. हे त्यांना चित्रपटापेक्षाही जास्त आवडलं.

लांबी दोन तासांच्या थोडी वर. इन्व्हर्टरला भारी पडेल, वीज असतानाच लावा.

---

खारपाण · १४ जानेवारी

ताई, हे वाचून मी उद्या आमच्या शाळेतला नळ आणि कडी-कोयंडा आधी बघणार. चित्रपट त्यानंतर.

---

बंडी · १५ जानेवारी

नमस्कार गुरुजी. मी कास्तकार माणूस, अंजनगावकडचा. पोरगं ढोरायच्या डाक्टरकीले शिकते. त्यानं मले लॅपटॉपवर एक सिनेमा दाखोला, 'टेम्पल ग्रँडिन'. इंग्रजी हाय, पण पोरगं बाजूले बसून सांगत गेलं. तुमाले जे पायजे थे त्यात हाय.

थे बाई अमेरिकेतली, ढोरायची शास्त्रज्ञ. लहानपणी बोलत नव्हती, तिले ऑटिझम होता. माणसायच्या गर्दीत तिले बैताग येते, पण ढोराले काय दिसते थे तिले बराबर समजते. सिनेमात थे गड्यायसारखी मधात घुसते, वाकते, जिथून ढोर चालते तिथूनच पाह्यते. मंग तिले दिसते का इथं साखळी लोंबून रायली, तिथं उनाची तिरीप पडून रायली, तिकडे कपडा हालून रायला. ढोर त्याले भेते म्हून पुढे जात नाई. मारून काई होत नाई. मंग थे गोल वळणाची वाट काढते, कारण ढोराले गोल फिरून मांगं जायाची सवय असते.

आता मायी गोष्ट सांगतो. माया एक बैल हाय, धवळा. लस द्याले खोड्यात न्यायचा म्हटलं का थो पाय रोवून उभा रायते. दोन माणसं ओढतेत, एक शेपूट पिळते, तरी नाई. सिनेमा पाह्यला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो अन् खोड्यापाशी बैलाच्या उंचीवर वाकून पाह्यलं. खोड्याच्या तोंडाशीच टिनाचा एक पत्रा पडला होता, सकाळचं ऊन त्याच्यावर पडून डोळ्यात जात होतं. मी थो पत्रा उचलला अन् तिथं दोन पाट्या माती टाकली. धवळा गेला. पहिल्या झटक्यात नाई गेला, वास घेत घेत गेला, पण गेला. शेपटाले हात लावा नाई लागला. पंधरा वर्सं झाले मी त्याले अन् त्याच्या आंधीच्या बैलाले मारून रायलो होतो. मले लय वाईट वाटलं.

एकच सांगतो. त्यात शेवटी कत्तलखाना दाखोला हाय, कारण थे बाई त्याच कामावर होती. गावात दाखवाआंधी इचार करा.

---

वर्धाकाठ · १५ जानेवारी

बंडीभाऊ, मी पस्तीस वर्षं निरीक्षण हा शब्द फळ्यावर लिहिला. तुम्ही खोड्यापाशी वाकून जे केलं तेच मला पोरांना सांगायचं होतं. तुमच्या परवानगीनं ही गोष्ट मी पुढं सांगणार आहे.

---

बंडी · १५ जानेवारी

सांगा नं सर. धवळ्याचं नाव सांगा.

---

सातपुडा_पायथा · १७ जानेवारी

मी परतवाड्याचा. सायकल आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. माझं सुचवणं काहींना पटणार नाही, कारण यातला मुलगा कागदोपत्री शास्त्रज्ञ नाही. 'द बॉय हू हार्नेस्ड द विंड', २०१९ चा. आफ्रिकेतल्या मलावी देशातला विल्यम कामक्वाम्बा. २००१ च्या सुमारास तिथं दुष्काळ पडला, मका गेला, घरात खायला नाही, फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटली. चौदा वर्षांचा पोरगा. शाळेच्या छोट्या वाचनालयात त्याला ऊर्जेवरचं एक पुस्तक सापडतं, त्यातल्या चित्रांवरून तो भंगारातून पवनचक्की उभी करतो. सायकलची चौकट, डायनामो, प्लास्टिकच्या नळ्या चिरून केलेली पाती, ट्रॅक्टरचा पंखा.

माझ्या धंद्यातलं आहे म्हणून सांगतो, काम खोटं नाही. डायनामोच्या तारा बॅटरीला जोडतात तेव्हा बोटं कशी थरथरतात ते बघा. चित्रपटात पवनचक्कीनं लगेच पाणी उपसलेलं दाखवलंय. खरं तर त्यानं आधी घरात दिवे लावले, पाण्याचा पंप नंतर आला. एवढा फरक आहे.

लांबी एक तास त्रेपन्न मिनिटं. मारझोड थोडी आहे, भुकेचे प्रसंग मात्र आहेत. आपल्याकडच्या पोरांना ते समजावून सांगावे लागणार नाहीत.

---

तूरदाणा · १७ जानेवारी

चित्रपट सुंदर आहे, पण धागा शास्त्रज्ञांवरच्या चित्रपटांचा आहे. याला शास्त्रज्ञ म्हणायचं का?

---

झाडीपट्टी · १८ जानेवारी

नागभीड तालुक्यातला आहे, म्हणून मला बोलावंच लागेल. आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंना काय म्हणायचं? तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, जेमतेम दीड एकराचा मालक. १९८३ मध्ये 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. असं वर्षानुवर्षं. त्यातून जो बारीक तांदूळ निघाला त्याला त्या काळच्या घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणायला लागले. आज तो कुठं कुठं शिजतो ते बघा. पुढं कृषी विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून वाण आणलं. दादाजी थांबले नाहीत, त्यांनी आणखी वाणं काढली. ३ जून २०१८ ला ते गेले.

त्यांचं रोजचं काम काय होतं हे मी सांगू शकतो, कारण आमच्याकडं सगळ्यांनी तसली बांधी पाहिली आहे. सकाळी चिखलात उतरायचं, एकेक लोंबी हातात घ्यायची, दाणा दातानं फोडून बघायचा, वेगळी वाटली तर धाग्यानं बांधून ठेवायची. हे पडद्यावर दाखवायला मोठा स्फोट लागत नाही. खारपाण सर, चित्रपट कोणताही दाखवा, पण त्याच्या आधी दहा मिनिटं दादाजींची गोष्ट सांगा. आणि शक्य असेल तर त्या दिवशी पोरांना मूठभर धान आणि हरभऱ्याचे घाटे वाटा, यातलं वेगळं कोणतं ते निवडा म्हणावं.

---

तूरदाणा · १८ जानेवारी

शब्द मागे घेतो. खरंच. माझ्या घरी आजही एचएमटीच शिजतो आणि मला हे माहीत नव्हतं.

---

वर्धाकाठ · १९ जानेवारी

एक जुनं नाव नोंदवून ठेवतो, पोरांसाठी नाही, शिक्षकांसाठी. 'एक डॉक्टर की मौत', १९९०, तपन सिन्हा. पंकज कपूर आणि शबाना आझमी. चित्रपटातला डॉक्टर कुष्ठरोगावर लस शोधतो. मूळ प्रेरणा कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय. ३ ऑक्टोबर १९७८ ला त्यांच्या प्रयोगातून भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, जगातल्या पहिल्या बाळानंतर ७० दिवसांनी, आणि त्यांना हयातीत मान्यता मिळाली नाही. आमच्याकडं आनंदवन असल्यामुळं कुष्ठरोग हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकला. तो डॉक्टर रात्री सरकारी नोकरीवरून येऊन घरातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत पुन्हा उभा राहतो, बायकोला वेळ देत नाही, आणि तिचं एकटेपणही चित्रपट लपवत नाही. रोजच्या कामाची किंमत घरातलं कोण मोजतं, हे इतकं स्वच्छ मी दुसरीकडं पाहिलं नाही.

---

खारपाण · २ फेब्रुवारी

उशिराबद्दल माफी. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, निम्मा वर्ग वावरात. शनिवारी मी 'द बॉय हू हार्नेस्ड द विंड' घरी लावून पाहिला. वडील शेजारी बाजेवर बसले होते. ते सत्तरीचे, इंग्रजी येत नाही, मी सांगत होतो. पोरगा बापाला सायकल मागतो, तोडायला, तो प्रसंग आला. बाप नाही म्हणतो. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बराबर हाय त्याचं. सायकल मोडली तं बाजाराले कसा जाईन थो?" आणि पुढं जेव्हा बाप सायकल देतो तेव्हा त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं.

मी लहान असताना रेडिओ उघडून मोडला होता. त्या दिवशी मार बसला होता. वडिलांना ते आठवलं असावं. त्यांनी मला काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

ठरलं आहे, हाच दाखवतो. 'हिडन फिगर्स' मार्चमध्ये फक्त मुलींसाठी, काटेपूर्णाताईंचं ऐकून. भाषेसाठी मी असं करतोय : सगळे संवाद मराठीत वहीत उतरवतोय, दहावीतली दोन मुलं आणि दोन मुली बाजूला बसून वाचतील. वऱ्हाडीत लिहितोय, कारण तो बाप प्रमाण मराठीत बोलेल असं मला वाटत नाही.

---

काटेपूर्णा · २ फेब्रुवारी

सर, वाचणाऱ्यांना आधी दोनदा पूर्ण चित्रपट बघू द्या, नाहीतर रडायच्या जागी त्यांचा आवाज जातो. स्पीकर वर्गाच्या मागच्या बाजूला ठेवा आणि वाचणारे पुढं.

---

खारपाण · ३ मार्च

झालं. सांगतो.

आधी झाडीपट्टींचं ऐकून दादाजींची गोष्ट सांगितली. धान आमच्याकडं पिकत नाही, म्हणून हरभऱ्याचे घाटे वाटले. पोरांनी दोनशेच्या वर घाटे सोलले. तीन दाण्यांचे चार घाटे निघाले. ते एका मुलीनं कागदात बांधून नाव घालून ठेवले आहेत, पुढच्या रब्बीत पेरायचे म्हणते. मग फर्मीचे कपटे. टेबलफॅनसमोर कागदाचे तुकडे सोडले, तीन वेगवेगळ्या वेगांवर, आणि टेपनं अंतर मोजलं. त्यानंतर चित्रपट.

पावणेतीनला वीज गेली. तोवर तासभर झाला होता. इन्व्हर्टरवर पुढचं चाललं आणि अगदी शेवटची पाच-सात मिनिटं उरली असताना तोही बसला. मला घाम फुटला. पण वहीत संवाद होतेच. दहावीच्या त्या चौघांनी अंधाऱ्या वर्गात शेवट वाचून काढला, मोबाइलच्या उजेडात. पाणी आलं ते पोरांनी पडद्यावर पाहिलं नाही, ऐकलं. एकानंही जागा सोडली नाही.

बाहेर पडताना ती नववीतली मुलगी माझ्यापाशी आली. मला वाटलं आता ती म्हणेल की कळलं, रोज काय करतात ते. तसं काही म्हणाली नाही. तिनं विचारलं, "सर, डायनामोत आत काय असते?" मी म्हटलं, चुंबक आणि तारेचं वेटोळं. ती म्हणाली, "थे नाई. उघडून दाखवा."

तर आता मला जुना सायकल डायनामो हवा आहे, बाटलीसारखा असतो तो, टायरला घासून चालणारा. चालू नसला तरी चालेल, उघडता आला पाहिजे. दर्यापूर आणि अकोटच्या दुकानांत विचारलं, मिळाला नाही. कोणाच्या घरी माळ्यावर, गोठ्यात पडला असेल तर कृपया कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

---

सातपुडा_पायथा · ३ मार्च

माझ्याकडं तीन आहेत सर. एक चालू, दोन बंद. रविवारी दुकान उघडंच असतं. मुलीला सोबत आणता आलं तर आणा. स्क्रू गंजलेले आहेत, कसे सोडवायचे ते तिला इथंच दाखवतो.